पेन्शन चालू आणि वर खासगी नोकरी: कर किती बसेल? पगार घेऊ की फी? (फोंडा)

कुळागरवाला_फोंडा
नमस्कार मंडळी. जुलै २०२५ अखेर साठ पूर्ण होऊन सरकारी सेवेतून निवृत्त झालो. इंजिनिअर होतो, खातं सांगत बसत नाही. कम्युटेशन (पेन्शनचा जो भाग विकून एकरकमी पैसे घेतले तो) वजा जाऊन महिना ४८,००० पेन्शन हातात येते. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळाले, त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. तिमाहीला ६१,५०० व्याज येतं.

आता वेर्ण्याच्या बाजूला एका बांधकाम कंपनीने साइटवर देखरेखीला बोलावलंय. महिना ६५,००० म्हणतात. त्यांच्या अकाउंट्सच्या पोराने विचारलं, "अंकल, पगार म्हणून घेणार की फी म्हणून?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. खरं म्हणजे फरकच कळला नव्हता.

तर, पगार सुरू झाला म्हणून पेन्शनवर जास्त कर बसतो का? ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे आता करात ओढतील का? आणि पगार बरा की फी? फोंडा-पणजी पट्ट्यातला सीए माहीत असेल तर सुचवा. वर्षाला २,००० च्या वर देणार नाही. पेन्शनरचं रिटर्न आहे, कंपनीचं ऑडिट नव्हे.

पर्वरीकर
अभिनंदन काका! सीएच्या बाबतीत हात आखडू नका. माझा सीए ८,५०० घेतो पण माणूस सोनं. पाटोवर ऑफिस, एसी, कॉफी देतात. मी गेली कित्येक वर्षं एकही नोटीस पाहिली नाही. नंबर हवा तर व्यक्तिगत निरोप करा.

कुळागरवाला_फोंडा
धन्यवाद, पण मी २,००० लिहिलंय. कॉफी घरी मिळते.

व्हीआरएस_वास्को
कॉफी राहू द्या, माझं ऐका. मी सत्तावन्नाव्या वर्षी बँकेतून बाहेर पडलो, पेन्शन ४१,०००. लगेच एका खासगी कंपनीत ५०,००० वर लागलो. पेन्शन देणाऱ्यांनी फक्त पेन्शन बघितली, कंपनीने फक्त पगार बघितला. दोघांनी आपापलं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी ठरावीक वजावट) वजा केलं, दोघांनी सूट लावली, आणि दोघांनीही एक पैसा कापला नाही. मला वाटलं मज्जाच मज्जा. २०२४-२५ चं रिटर्न भरताना सगळं एकत्र आलं, ५४ हजारांवर कर आणि शिवाय ॲडव्हान्स टॅक्स न भरल्याचं २३४बी, २३४सी चं व्याज. नव्या नोकरीत लागताना आधीच्या उत्पन्नाचा फॉर्म १२बी भरून घ्यायचा असतो म्हणे, त्या कंपनीच्या अकाउंटवाल्यांनी हा फॉर्म मला कधी दाखवलाच नाही. विचारलं तर म्हणे, तुम्ही मागितला नाही!

तर पहिल्याच दिवशी पेन्शनचा आकडा कंपनीला लेखी द्या. ते एकत्र हिशेब करून दरमहा कापतील, जुलैत घाम फुटणार नाही.

खाणवाला_कुडचडे
४८,००० पेन्शनवाले कराची चिंता करतात. आमची ईपीएस, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन, २,१००. २०१८ ला खाणी थांबल्या, कंपनीने घरी पाठवलं, आता काय ते कापा त्या २,१०० तून.

जुनं_ते_सोनं
काका, नवी करपद्धत घेऊ नका. साठीनंतर जुन्या पद्धतीत ३ लाखांपर्यंत करच नाही, वर वजावटी: बचतीवर ८०सी चे दीड लाख, मेडिक्लेमचे ५०,०००, व्याजावर ८०टीटीबी चे ५०,०००. नव्या पद्धतीत म्हाताऱ्याला आणि पोराला एकच माप. मी जन्मभर जुनीच भरली. आणि बँकेत १५एच (कर कापू नका असा फॉर्म) देऊन टाका म्हणजे पेन्शनवरही कापत नाहीत.

हिशेबनीस_म्हापसा
वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य चूक. १५एच व्याजासारख्या उत्पन्नावरच्या कपातीसाठी असतो, पेन्शनसाठी नाही. कायद्याच्या दृष्टीने नोकरीची पेन्शन म्हणजे पगारच, 'पगार' याच शीर्षाखाली करपात्र. शिवाय वर्षाचा एकूण कर शून्य होत असेल तरच १५एच देता येतो. उगाच दिला तर खोटं निवेदन ठरतं.

आता मूळ प्रश्न. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि कम्युटेशनची एकरकमी रक्कम सरकारी नोकराला निवृत्तीच्या वेळी पूर्ण करमुक्त. तुम्ही नंतर कमावता की घरी बसता, याच्याशी त्याचा संबंध नाही. खासगीवाल्यांना ग्रॅच्युइटीला २० लाख आणि रजेच्या पैशांना २५ लाखांची मर्यादा आहे, आणि तीही सगळ्या नोकऱ्या मिळून आयुष्यात एकदाच.

पेन्शनवर वेगळा जास्तीचा कर नाही. पण पेन्शन आणि पगार एकत्र मिळवले की वरचा स्लॅब लागतो, दुखतं ते तिथे. पुढचं पूर्ण वर्ष धरून आणि यंदाचे, २०२५-२६ चे स्लॅबच राहतील असं मानून बघा. पेन्शन ५,७६,०००, पगार ७,८०,०००, मिळून १३,५६,०००. स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० एकदाच, दोन ठिकाणांहून आलं म्हणून दोनदा नाही. राहिले १२,८१,०००. त्यात व्याज २,४६,००० मिळवा, झाले १५,२७,०००. नव्या पद्धतीत सेससकट कर १,१३,४१२. जुन्या पद्धतीत वर सांगितलेल्या सगळ्या वजावटी पूर्ण घेतल्या तरी २,०८,६२४. सोनं असेल, पण महाग आहे.

जुनं_ते_सोनं
गृहकर्ज असेल तर?

हिशेबनीस_म्हापसा
साठाव्या वर्षी कुळागरवाल्याला गृहकर्ज कुठून आणलंत?

पर्वरीकर
माझा सीए पण नवीच घ्या म्हणतो. त्याचं म्हणणं १२ लाखांपर्यंत शून्य.

हिशेबनीस_म्हापसा
हो, पण १२ लाख ही सूट आहे, स्लॅब नव्हे. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असलं तर ६०,००० पर्यंतचा कर माफ. जरा वर गेलात तर वर गेलेल्या रकमेपेक्षा जास्त कर घेत नाहीत. बरंच वर गेलात की ४ लाखांपासूनचा सगळा हिशेब लागतो. म्हणून १२ च्या अलीकडे आणि १५ च्या पलीकडे यात जमीन-अस्मान आहे.

कुडाळकर_पणजी
माझ्या मेव्हण्याने सांगितलंय की कम्युट केलेला भागही पेन्शनमध्ये धरून कर लावतात. म्हणजे तुमची पेन्शन ४८,००० नाही, पूर्ण मूळ आकडा धरा.

हिशेबनीस_म्हापसा
मेव्हण्याला सांगा, जो भाग विकला तो विकला. कमी झालेली पेन्शन अधिक महागाई भत्ता, एवढंच करपात्र.

कुडाळकर_पणजी
तो अकाउंट्स खात्यात होता.

हिशेबनीस_म्हापसा
होता ना. म्हणूनच सांगा.

न्यूजर्सीचा_नायक
तुम्ही भाग्यवान आहात. इथे अमेरिकेत सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) लवकर घेतली आणि नोकरीही केली तर बेनिफिटच रोखून धरतात. २०२५ साठी २३,४०० डॉलरच्या वर कमावलंत की दर दोन डॉलरमागे एक डॉलर थांबवतात. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला ६७ पूर्ण झाले की ही अट सुटते, आणि थांबवलेल्या पैशाचा हिशेब करून पुढचा बेनिफिट वाढवतात. त्याशिवाय कर वेगळाच, बेनिफिटच्या ८५ टक्क्यांपर्यंत करपात्र होऊ शकतो. एकट्याला २५,००० आणि जोडप्याला ३२,००० ची जी पायरी आहे ती कित्येक दशकं हललेली नाही. माझ्या शेजारच्या गोऱ्याने पासष्टीला पार्टटाइम सुरू केलं आणि सहा महिन्यांत सोडलं.

खाणवाला_कुडचडे
डॉलरवाले पण रडतात. छान.

पेन्शन_एके_पेन्शन
न्यूजर्सीवाल्यांच्या प्रतिसादाने घाबरू नका. आपल्याकडे खासगीत काम केलं म्हणून पेन्शन थांबत नाही. मात्र सरकारात, महामंडळात किंवा सरकारी संस्थेत पुन्हा लागलात तर पेन्शनवरची डीआर (महागाई भत्ता) बंद होऊ शकते आणि पगार ठरवताना पेन्शन वजा धरतात. आणखी एक, जे अजून कोणी बोललं नाही. गट अ मधून निवृत्त झाला असाल तर पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरायला परवानगी लागते, केंद्राच्या पेन्शन नियमांत तसं आहे आणि आपलं गोवा सरकार पेन्शनला तेच नियम धरून चालतं. बांधकाम कंपनी म्हणजे तर तुमच्याच खात्याशी संबंध येणारी. आधी तो कागद बघा, कर नंतर.

कुळागरवाला_फोंडा
मी गट ब मध्येच राहिलो, बढतीची फाइल फिरत राहिली. पहिल्यांदा त्याचा फायदा झाला म्हणायचा.

वकीलबाई_मडगाव
सगळ्यांचे हिशेब वाचले. गोव्यातला धागा आणि एकानेही कलम ५ए चं नाव काढू नये, याचं नवल वाटलं.

काका, तुमचं लग्न गोव्याच्या कायद्याखाली नोंदवलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तुम्हा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आयकर कायद्याचं ५ए सांगतं की अशा जोडप्याचं पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या नावावर धरायचं. व्याज, भाडं, भांडवली नफा, धंदा-व्यवसाय, सगळं. पगार मात्र ज्याचा त्याचा. आणि पेन्शन पगारात मोडते, म्हणून पेन्शन वाटली जात नाही.

म्हणजे तुमचं २,४६,००० व्याज अख्खं तुमच्या माथी नाही. निम्मं, १,२३,०००, काकूंच्या नावावर. हे ऐच्छिक नाही, असंच भरायचं असतं. आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ मध्ये ५ए चं वेगळं परिशिष्ट आहे, त्यात काकूंचा पॅन आणि वाटणीचे आकडे जातात. व्याजावर टीडीएस कापला असेल तर त्याचीही वाटणी होते.

इतिहासप्रेमी_डिचोली
ताई, एक दुरुस्ती. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची. तुमच्या आयकराच्या कलमात १८६० लिहिलंय.

वकीलबाई_मडगाव
मी साल लिहिलंच नव्हतं. पण हो, कलमात १८६० छापलंय आणि संहिता १८६७ ची, हे खरं. १९९४ च्या वित्त कायद्याने हे कलम घातलं आणि अंमल मागे नेऊन १ एप्रिल १९६३ पासून धरला. कर भरताना साल विचारत नाहीत.

इतिहासप्रेमी_डिचोली
साल चुकीचं आणि कायदा बरोबर, असं होत नाही. मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने ती संहिता चालू ठेवली तेव्हा तरी कोणी तपासायला हवं होतं. यावर मी स्वतंत्र धागा काढतो.

पर्वरीकर
हे ५ए मलाही लागू आहे, सीए करतो. पण त्याचा तोटा पण सांगा ना. बायकोच्या माहेरच्या घराचं भाडं येतं तिला, त्यातलं अर्धं माझ्या उत्पन्नात! भाडं ती खर्च करते, कर मी भरतो.

डिचोलीची_मावशी
आणि तुझ्या एफडीच्या व्याजाचं अर्धं तिच्या नावावर जातं, ते कोण भरतं रे?

कुडाळकर_पणजी
मी पण या वर्षीपासून वाटून दाखवणार. पणजीत फ्लॅट आहे, आधार गोव्याचं आहे, वीस-बावीस वर्षं इथे राहतोय.

वकीलबाई_मडगाव
तुम्ही मूळचे कुडाळचे, लग्न कुडाळला झालं. आधारवरच्या पत्त्याने सामाईक मालमत्तेची पद्धत लागू होत नाही. फ्लॅट घेतल्याने तर मुळीच नाही.

कुडाळकर_पणजी
म्हणजे टोल आम्ही भरायचा, घरपट्टी आम्ही भरायची, आणि सवलत फक्त भूमिपुत्रांना?

अ‍ॅडमिन_२
भूमिपुत्र विषय या धाग्यात नको. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

हिशेबनीस_म्हापसा
वकीलबाईंचं बरोबर, ५ए माझ्या लक्षातून गेलं नव्हतं, आधी साधा हिशेब मांडला एवढंच. आता पुढचा.

पगार घेतला तर: १२,८१,००० अधिक निम्मं व्याज १,२३,०००, म्हणजे १४,०४,०००. कर सेससकट ९४,२२४. नुसत्या वाटणीने १९,१८८ वाचले.

फी घेतली तर चित्रच पालटतं, कारण फी म्हणजे व्यवसायाचं उत्पन्न आणि ते निम्मं-निम्मं वाटलं जातं. खर्च काहीच वजा केला नाही असं धरू. ७,८०,००० चे निम्मे ३,९०,०००. काकांचं: पेन्शन ५,७६,००० वजा ७५,०००, अधिक ३,९०,०००, अधिक १,२३,०००. बेरीज १०,१४,०००. बारा लाखांच्या आत, कर शून्य. काकूंचं: ३,९०,००० अधिक १,२३,०००, म्हणजे ५,१३,०००. कर शून्य. इंजिनिअर ४४एडीए मध्ये बसतो, तिथे निम्मी फीच उत्पन्न धरतात, पण त्याची इथे गरजही पडत नाही.

९४,२२४ विरुद्ध शून्य. अकाउंट्सच्या पोराने प्रश्न बरोबर विचारला होता.

व्हीआरएस_वास्को
बापरे. मला हे कोणी का सांगितलं नाही? आणि काका, तरीही १२बी विसरू नका.

हिशेबनीस_म्हापसा
फी घेतली तर १२बी लागत नाही.

व्हीआरएस_वास्को
तरी देऊन ठेवा.

पर्वरीकर
फीच घ्या. माझा सीए ५ए मध्ये मास्टर आहे. ८,५०० वसूल होतात बघा.

साइट_सुपरवायझर_केपे
थांबा जरा. सगळे फी-फी करताय. मी चार वर्षं 'कन्सल्टंट' म्हणून काढली, ऐका. रोज आठला हजेरी, बायोमेट्रिक अंगठा, सुट्टीला अर्ज, आणि कागदावर म्हणे व्यावसायिक फी. पीएफ नाही, बोनस नाही, रजा घेतली तर त्या दिवसाचे पैसे कट. स्लॅबवरून घसरून पाय मोडला तेव्हा विम्याच्या यादीत माझं नावच नव्हतं, कारण मी कर्मचारी नव्हतो ना. प्लास्टर घालून सहा आठवडे घरात, बिल माझं. कर वाचला होता खरा, तेवढाच हॉस्पिटलात गेला.

वकीलबाई_मडगाव
हा मुद्दा करापेक्षा महत्त्वाचा, आणि करालाही लागू आहे. नाव फी दिलं म्हणून फी होत नाही. कामाची वेळ, हजेरी, रजा, हुकूम सगळं मालकाचं असेल तर अधिकारी त्याला पगारच म्हणू शकतो, मग ५ए ची वाटणीही गेली. खरोखर सल्लागार असाल, आठवड्यातून ठरावीक भेटी, स्वतःचं बिल, दुसऱ्याचंही काम घ्यायची मोकळीक, असं करारात आणि प्रत्यक्षात असेल तरच तो रस्ता धरा.

हिशेबनीस_म्हापसा
मान्य. आणि फीवर कंपनी १० टक्के टीडीएस कापेल, म्हणजे वर्षाचे ७८,००० आधी अडकतील आणि रिटर्न भरल्यावर परत येतील. तेही दोघांच्या नावावर निम्मे, म्हणजे काकूंचंही रिटर्न आलंच. व्यवसायाचं उत्पन्न असल्यामुळे आयटीआर-३. दोन हजारांत दोन रिटर्नं कोणी करून देणार नाही.

साठी ओलांडलेल्याला व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही, फी घेतली की ती सवलतही जाते. तुमचा कर शून्यच येतोय म्हणून फरक पडत नाही, पण उद्या दुसरं कुठलं उत्पन्न वाढलं तर लक्षात ठेवा. वास्कोवाल्यांना व्याज बसलं ते साठीच्या आत होते म्हणून.

व्हीआरएस_वास्को
म्हणजे वय कमी असल्याचा दंड.

पोरसवदा_आयटी
दोन टक्के टीडीएस असतो ना टेक्निकल सेवांना? दहा कसा?

हिशेबनीस_म्हापसा
इंजिनिअरची व्यावसायिक सेवा असेल तर दहा. कंपनी दोन कापून मोकळी झाली तर आनंद माना, रिफंडची वाट कमी बघावी लागेल.

डिचोलीची_मावशी
माझे यजमान गेले, त्यांची फॅमिली पेन्शन मला येते आणि मी बालवाडीत शिकवते, तिथला पगार येतो. माझं पण असंच एकत्र करतात का?

हिशेबनीस_म्हापसा
मावशी, एकत्र होतं, पण फॅमिली पेन्शन पगारात धरत नाहीत, 'इतर उत्पन्न' मध्ये जाते. तिच्यातून एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५,०००, जे कमी असेल ते वजा. बालवाडीच्या पगारातून ७५,००० वेगळे वजा. म्हणजे तुम्हाला दोन्ही मिळतात, काकांना एकच.

डिचोलीची_मावशी
देव तुझं भलं करो. आमच्या इथल्या टॅक्सवाल्याने गेल्या वर्षी पंधरा सांगितले होते.

हिशेबनीस_म्हापसा
जुन्या पद्धतीत अजून पंधराच आहेत. त्याने तुमचं रिटर्न कुठल्या पद्धतीत भरलं ते बघून घ्या.

जुनं_ते_सोनं
मी मघापासून तेच सांगतोय, जुनी पद्धत अजून आहे.

पेन्शन_एके_पेन्शन
काकांनी हे वर्ष पण बघावं. एप्रिल ते जुलै खात्याचा पगार, नंतर पेन्शन, आणि डिसेंबरपासून कंपनी. तीन ठिकाणचे कागद येतील. कुठल्याच एकावर विसंबू नका, एआयएस (आयकर खात्याच्या पोर्टलवरचा तुमच्या उत्पन्नाचा वार्षिक तपशील) उघडून तिन्ही जुळवा. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागतो, कलमांचे आकडे बदलतील. पुढच्या वर्षी कोणी "५ए कुठे गेलं" म्हणून धागा काढू नये.

इतिहासप्रेमी_डिचोली
नव्या कायद्यात तरी १८६७ करतील का?

कुळागरवाला_फोंडा
मंडळी, चार दिवस विचार केला. घरी विषय काढला. बायकोला फीचं सांगितलं, तुझ्या नावावर पाच लाख उत्पन्न दाखवायचं, कर शून्य. ती म्हणाली, पाच लाख नावावर दाखवणार ते हातात कधी देणार? मी गप्प. मग म्हणाली, माझ्या नावाने सरकारला कागद पाठवायचे नाहीत, मला त्यात गुंतवू नका. केपेवाल्यांचं पायाचं प्रकरणही तिने वाचलं, माझ्या खांद्यावरून.

तेव्हा पगारच घेतोय. पण पूर्ण नाही. कंपनीशी बोललो, आठवड्याचे चार दिवस येतो, ४५,००० द्या. ते एका पायावर तयार. कर्मचारी म्हणून विम्यात नाव घालणार, तसं नेमणूक पत्रात लिहून घेतलं. पेन्शनचा आकडा पहिल्याच दिवशी १२बी वर देणार, वास्कोवाले खूश. रिटर्न भाचा भरून देतो म्हणाला, आयटीआर-२. त्याला चतुर्थीला माटोळीची सुपारी दिली तरी पुरे. सीएचे २,००० पण वाचले.

सगळ्यांक देव बरें करूं.

पर्वरीकर
काका, ५ए भाच्याला जमणार नाही. नंतर माझ्याकडे नंबर मागाल.

साइट_सुपरवायझर_केपे
शहाणपणा केलात. हेल्मेट मात्र स्वतःचं न्या, साइटवरची कोणीही डोक्यावर घालतं.

खाणवाला_कुडचडे
महिना वीस हजार सोडले! शून्य कराच्या नादाने ६५ चे ४५ केले. इथे आम्हाला १५,००० वर वॉचमनची नोकरी मिळत नाही.

हिशेबनीस_म्हापसा
हिशेब सांगतो. ६५ वर कर जाऊन वर्षाला ६,८५,७७६ उरले असते. आता ५,४०,००० पूर्ण हातात. म्हणजे १,४५,७७६ कमी, आणि त्या बदल्यात आठवड्याचे दोन दिवस मोकळे. करपात्र उत्पन्न ११,६४,०००, मर्यादेच्या ३६,००० अलीकडे. डीआर वर्षातून दोनदा वाढते, त्यामुळे पुढच्या वर्षी परत मोजा. निव्वळ पैशात बघितलं तर मी फी घेतली असती.

एक विचारायचं राहिलं. नाव कुळागरवाला आहे, म्हणजे सुपारीची बाग असणार, तर सुपारी विकता का?

कुळागरवाला_फोंडा
विकतो. सुपारी, थोडे नारळ, केळी. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं ना?

हिशेबनीस_म्हापसा
करमुक्त आहे. पण ५,००० च्या वर असेल तर बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मिळवून धरतात. तुमचा कर सुटीच्या ६०,००० च्या काठावर आलाय, कुळागराचा आकडा मोठा असेल तर थोडाफार कर लागेल. आकडा सांगा, मोजून देतो.

कुळागरवाला_फोंडा
आकडा बायकोला विचारून सांगतो, वही तिच्याकडे असते.

खाणवाला_कुडचडे
यंदा सुपारीला दर काय मिळाला हो? आमच्याकडे व्यापारी फारच पाडून मागतोय.